सुपारीएवढे चेहरे : हस्तिदंतावरची जुनी अमेरिकन व्यक्तिचित्रं

खिडकीपाशी

गेल्या रविवारी इकडे वॉशिंग्टन डीसीत दिवसभर पाऊस. घरात बसून मुलीने डोकं खाल्लं असतं म्हणून तिला घेऊन स्मिथसोनियनच्या अमेरिकन आर्ट म्युझियममध्ये गेलो. तिथे वरच्या मजल्यावर ल्यूस सेंटर नावाचा भाग आहे. भिंतींवर न मावलेल्या वस्तू तिथे काचेच्या कपाटांत दाटीवाटीने मांडल्यात आणि काही कपाटांना खाली खण आहेत. मुलीने एक खण ओढला आणि म्हणाली, "बाबा, यात माणसं ठेवलीत."

खरंच माणसंच होती. कुणी सुपारीएवढं, कुणी फार तर आंब्याच्या कोयीएवढं. लंबगोल काचेआड निळे कोट, पांढरे गळपट्टे, खांद्यावर रुळणारे केस. मला आधी मीनाकाम वाटलं, मग पाटी वाचली : हस्तिदंतावर जलरंग. तेव्हापासून आठवडाभर हेच वाचतोय, म्हणून हा धागा.

थोडक्यात पूर्वपीठिका. युरोपात अशी छोटी व्यक्तिचित्रं (मिनिएचर्स) आधी वेलमवर, म्हणजे वासराच्या कमावलेल्या कातड्यावर काढत. १७०० च्या आसपास व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या बाईने तपकिरीच्या डब्यांच्या झाकणांसाठी हस्तिदंत वापरायला सुरुवात केली. काही वर्षांतच ते लोण लंडनला पोचलं आणि तिथून अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत. तिथल्या अगदी सुरुवातीच्या मिनिएचर-चित्रकारांत चार्ल्सटनची मेरी रॉबर्ट्स येते. ती १७६१ साली वारली. तिची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच चित्रं उरली आहेत.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच. ही चित्रं भिंतीसाठी नव्हतीच. ती गळ्यात, मनगटावर, कोटाच्या आतल्या खिशात असायची. पाहणारा एकच, फार तर दोघं. मागच्या बाजूला बहुतेक वेळा त्याच माणसाच्या केसांची वेणी काचेखाली बसवलेली असे, वर सोन्याच्या तारेत आद्याक्षरं. म्हणजे पुढे चेहरा आणि मागे खरोखरचा देह, चिमूटभर का होईना.

१७७२ साली चार्ल्स विल्सन पील हा चित्रकार जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरी, माउंट व्हर्ननला, त्याचं मोठं तैलचित्र काढायला गेला. ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच मुक्कामात त्याने मार्था वॉशिंग्टन आणि तिच्या पहिल्या लग्नाच्या दोन मुलांची, जॅकी आणि पॅट्सीची, मिनिएचर्स केली. पॅट्सीला फेफरं यायचं. पुढच्याच वर्षी ती सतराव्या वर्षी गेली. जॅकी १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यानंतर तापाने गेला. आईच्या हाती राहिले ते हे दोन चेहरे.

कुणी अशी चित्रं प्रत्यक्ष पाहिलीत का? आणि चित्रकार मंडळींना प्रश्न : त्या गालांवर तो जिवंतपणा येतो कुठून? फोटोत तो अजिबात उतरत नाही.

---

बोरकूट

वाचनखूण साठवली. "यात माणसं ठेवलीत" हे शीर्षक द्यायला हवं होतं हो.

---

रंगपेटी

प्रश्न माझ्या गल्लीतला आहे म्हणून लिहिते. मी कोथरूडला जलरंगाचे वर्ग घेते, हस्तिदंताला मात्र कधी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही. तंत्र वाचून माहीत आहे.

जिवंतपणा रंगात नसतो, रंग जिथे *नसतो* तिथे असतो. हस्तिदंताचा काप एक मिलिमीटरपेक्षाही पातळ करत. इतका पातळ की प्रकाश आत शिरतो, खालच्या पांढऱ्या कागदावर आपटतो आणि परत वर येतो. आपल्या त्वचेतही थोडंफार हेच होतं. म्हणून चांगला चित्रकार गाल, कपाळ, नाकाचा शेंडा जवळजवळ कोरा सोडायचा आणि फक्त सावल्या रंगवायचा. काहींनी तर चेहऱ्याच्या मागे चांदीचा वर्ख लावला आहे, म्हणजे उजेड आणखी जोरात परतावा.

आता अडचण ऐका. हस्तिदंत तेलकट असतो, पाणी धरत नाही. कागदावर आपण सपाट वॉश मारतो तसा इथे मारला की रंगाचे मणी होऊन गोळा होतात, आणि ओल्या रंगावर दुसऱ्यांदा कुंचला फिरवला की खालचा थरही उचलून येतो. म्हणून काप आधी उन्हात ठेवून पांढरा करायचा, त्यातलं तेल काढायचं, मग प्युमिस दगडाच्या पुडीने घासून खरखरीत करायचा. रंगात अरबी डिंक जास्त, आणि डिंक तडकू नये म्हणून त्यात खडीसाखर! (जुन्या इंग्रजी कृतींत हे स्पष्ट दिलेलं आहे. वाचलं तेव्हा मला आजीचा खोकल्याचा काढा आठवला.) एवढं करून रंग ठिपक्या-ठिपक्याने किंवा केसासारख्या आडव्यातिडव्या रेघांनी चढवायचा. उजेडाची जागा हवी तर सुईने रंग खरवडून काढायचा. चूक झाली तर पुसता येतं, पण पुसलेली जागा गुळगुळीत होऊन पुन्हा रंग धरत नाही. एका चेहऱ्याला अनेक बैठका लागत.

---

चौथा_कोपरा

रंगपेटीताई, काय सुरेख समजावलंत.

मी फिलाडेल्फियात राहतो, म्हणजे पील घराण्याच्या गावात. चार्ल्स पील या माणसावर वेगळा धागा निघेल. सुरुवात खोगीर शिवणारा म्हणून, मग घड्याळं दुरुस्त केली, चांदीकाम केलं, मग लंडनला बेंजामिन वेस्टकडे चित्रकला शिकून आला. मुलांची नावं थोर चित्रकारांची : राफाएल, रेम्ब्रां, रुबेन्स, टिशियन. (पाळण्यातच अपेक्षांचं ओझं!) क्रांतियुद्धात तो मिलिशियात होता, ट्रेंटन-प्रिन्स्टनला लढला, आणि १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत अधिकाऱ्यांची मिनिएचर्स रंगवत बसला. बाहेर सैनिकांच्या पायात धड बूट नाहीत आणि हा तंबूत दीड इंची चेहरे काढतोय. अधिकारी ते घरी बायकोला पाठवत. परत जाऊ की नाही याची खात्री कुणालाच नव्हती, तेव्हा धंदा तेजीत असणारच. चित्रांची कोंदणंही तो स्वतःच करायचा.

१७८६ मध्ये त्याने चक्क वाटणी केली : मोठी तैलचित्रं मी करतो, मिनिएचर धाकट्या भावाने, जेम्सने करायची. जेम्सची मुलगी ॲना क्लेपूल पील पुढे याच कामात नावाजली.

अवांतर : याच चार्ल्स पीलने १८०१ साली न्यूयॉर्क राज्यात मॅस्टोडॉनचा सांगाडा उकरून आपल्या संग्रहालयात उभा केला. आधी हत्तीच्या दातावर चित्रं काढली आणि शेवटी हत्तीच्या भाऊबंदालाच जमिनीतून वर काढलं.

---

बोरकूट

+१ अवांतरासाठी. असं अवांतर रोज चालेल.

---

सुपारीची_खांडं

लेख आवडला, पण "मिनिएचर" म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पहाडी, राजस्थानी, मुघल येतात. त्यांच्याशी काही नातं?

---

खिडकीपाशी

थेट नातं नाही, नाव तेवढं सारखं. आपल्याकडची जुनी लघुचित्रं कागदावरची आणि पोथीत किंवा मुरक्क्यात, म्हणजे चित्रांच्या वहीत, ठेवायची. पण उलट दिशेने धागा जुळतो. लंडनचा जॉन स्मार्ट १७८५ मध्ये मद्रासला आला आणि दहा वर्षं राहिला. त्या काळातल्या चित्रांवर तो आपल्या आद्याक्षरांबरोबर इंडियाचा 'आय' घालायचा. साहेबांमुळे हस्तिदंतावरची चित्रं इथे रुजली आणि एकोणिसाव्या शतकात दिल्लीचे चित्रकार मुघल बादशहांचे अंडाकृती चेहरे हस्तिदंतावर काढून प्रवाशांना विकू लागले. जुन्या ब्रोचमध्ये शहाजहान-मुमताज दिसतात ना, ते या घराण्यातले.

---

हिशेबनीस

सगळे रंगात रंगलेत म्हणून रुक्ष प्रश्न मीच विचारतो : हस्तिदंत आला कुठून?

अठराव्या शतकात अमेरिकन चित्रकार कापलेले तयार तुकडे बहुधा लंडनहून मागवत आणि लंडनला माल आफ्रिकेतून येई. ज्या किनाऱ्यांवरून माणसं गुलाम म्हणून नेली जात होती, त्याच किनाऱ्यांवरून दातही जात होते. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिका आणि झांझिबार पुढे आले. आतल्या मुलखातून किनाऱ्यापर्यंत दात डोक्यावर वाहून आणावे लागत आणि ते वाहणाऱ्यांत गुलाम केलेली माणसंही असत. आणि यात आपण अगदीच नामानिराळे नाही. झांझिबारचे कच्छी-गुजराती व्यापारी या धंद्यात मोठे, आणि त्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्व आफ्रिकेचा बराचसा हस्तिदंत आधी मुंबईला उतरून मग इंग्लंडला जायचा. पुढे सेलमची अमेरिकन जहाजं झांझिबारला थेट जाऊ लागली आणि कनेक्टिकटमधली डीप रिव्हर, आयव्हरीटन ही गावं फण्या आणि पियानोच्या पट्ट्या कापून मोठी झाली. गावाच्या नावातच हस्तिदंत.

मिनिएचरला लागणारा काप नखाएवढा पातळ, हे मान्य. हत्ती मेले ते मुख्यतः फण्या, बिलियर्डचे चेंडू आणि पियानोसाठी. पण "गालावर जिवंतपणा येतो" हे वाक्य वाचताना तो कुणाच्या जिवावर आला, हे डोक्यात राहिलं तर बरं.

---

अंजनीच्या_पारावर

हिशेबनीस, तुमचं म्हणणं पटतं. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या आईने मेलेल्या मुलीचं चित्र गळ्यात घातलं, तर तिला आपण आज पर्यावरणाचा हिशेब मागायचा का? माझं वय पंचाहत्तर. आमच्या लहानपणी हस्तिदंती फणी, हस्तिदंती बांगड्या घरोघरी नसल्या तरी अपूर्वाईच्याही नव्हत्या.

---

हिशेबनीस

काका, आईला नाही मागत. चित्राखालच्या पाटीला मागतो. पाटीवर 'हस्तिदंतावर जलरंग' एवढे दोनच शब्द असतात, एक शब्द हत्तीचा आणि एक पाण्याचा. मधली माणसं कुठेच नाहीत.

---

ओवी_तिसरी

मधल्या माणसांवरून आठवलं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत एक मिनिएचर आहे, एलिझाबेथ फ्रीमन ऊर्फ मम बेट हिचं. या चित्रांत कृष्णवर्णीय चेहरा फारच क्वचित सापडतो, म्हणून तिची गोष्ट सविस्तर सांगते.

मम बेट शेफील्ड गावातल्या जॉन ॲशली यांच्या घरी गुलाम होती. घरच्या मालकिणीने एका मुलीवर तापलेलं फावडं उगारलं, ते हिने आपल्या दंडावर झेललं आणि जन्मभर तो डाग मिरवला. १७८० साली मॅसॅच्युसेट्स राज्याची नवी घटना आली, तिच्यात सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचं लिहिलेलं होतं. हिने ते ऐकलं आणि थिओडोर सेजविक या वकिलाकडे जाऊन विचारलं, कायदा मलाही लागू होतो ना? १७८१ मध्ये खटला जिंकून ती मोकळी झाली. मग तिने 'फ्रीमन' हे आडनाव घेतलं आणि सेजविकांच्याच घरी पगारावर काम केलं.

सेजविकांच्या सुनेने, सुझन रिडली सेजविकने, १८११ साली तिचं चित्र काढलं, हस्तिदंतावर जलरंगात. निळा झगा, पांढरी टोपी, गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ, आणि नजर सरळ तुमच्याकडे. सुझन काही मोठी चित्रकार नव्हती, हात जरा कच्चा दिसतो. पण व्यावसायिकाने गोड केलेल्या दहा चेहऱ्यांपेक्षा मला हा जास्त खरा वाटतो. हिशेबनीस म्हणतात ते सगळं या एका तुकड्यात आहे : आफ्रिकेचा दात आणि त्यावर गुलामीतून सुटलेल्या बाईचा चेहरा.

---

खिडकीपाशी

ओवी, हे मला माहीत नव्हतं. नुसत्या या प्रतिसादासाठीही धागा काढला याचं समाधान वाटलं.

---

चौथा_कोपरा

उत्तम कलाकार कोण असं कुणी विचारलं तर माझं मत मॅलबोनला. एडवर्ड ग्रीन मॅलबोन, ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टचा, जवळपास स्वतःच शिकलेला. १८०१ मध्ये लंडनला जाऊन आला, मग चार्ल्सटन आणि इतर शहरांत फिरून काम केलं. रंगपेटीताई म्हणाल्या तो कोरा गाल पाहायचा तर याच्याकडे. सावलीच्या रेघा इतक्या बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. क्षयाने १८०७ मध्ये साव्हानाला गेला, वय एकोणतीस.

चार्ल्सटनच्या चार्ल्स फ्रेझरने त्याच्याकडे बघत बघत शिकून पुढे वकिली सोडली आणि आयुष्यभर त्या गावाचे चेहरे काढले. १८५७ च्या त्याच्या प्रदर्शनात तीनशेहून जास्त मिनिएचर्स लोकांनी घरातून काढून आणून मांडली होती. एरवी गळ्यात आणि खणात असलेलं अख्खं गाव एका हॉलमध्ये!

---

गवतीचहा

कुणीच काढत नाही म्हणून मीच विषय काढते. सेरा गुडरिज.

---

बोरकूट

आला, आला विषय. *खुर्ची पुढे सरकवून बसलो आहे.*

---

गवतीचहा

बोरकूट, नीट बसा.

सेरा गुडरिज (१७८८–१८५३) बोस्टनची यशस्वी चित्रकार. नामवंत चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्टने तिला मार्गदर्शन केलं आणि तिने त्याचंही मिनिएचर काढलं. स्वतःच्या कमाईवर घर चालवणारी अविवाहित बाई. सिनेटर डॅनियल वेबस्टर तिच्याकडे अनेकदा चित्राला बसला होता. १८२८ च्या जानेवारीत त्याची बायको वारली. त्याच वर्षी चाळिशीच्या सेराने हस्तिदंतावर स्वतःचे उघडे स्तन रंगवले आणि ते चित्र वेबस्टरला पाठवलं. भोवती पांढरं वस्त्र, मध्ये फक्त छाती, चेहरा नाहीच. आकार जेमतेम पावणेसात बाय आठ सेंटिमीटर. आज ते 'ब्यूटी रिव्हील्ड' नावाने ओळखलं जातं.

पुढच्या वर्षी वेबस्टरने एका श्रीमंत घरातल्या बाईशी लग्न केलं. पण चित्र परत केलं नाही की फेकलंही नाही. ते त्याच्या घराण्यात राहिलं आणि २००६ पासून न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आहे.

मला यात चावटपणा नाही, कारागिरी दिसते. हस्तिदंत हे माध्यम त्वचेसाठीच आहे हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तीळसुद्धा सोडलेला नाही. आणि एका माणसाने डबी बंद करून पाहायचं चित्र आज जगाच्या मोबाइलवर आहे. तिला हे आवडलं असतं का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

---

बोरकूट

प्रतिसाद काढून टाकला आहे. (थट्टा लिहिली होती. तुमचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि काढली.)

---

अंजनीच्या_पारावर

मग हे सगळं थांबलं कशाने? कॅमेऱ्याने?

---

हिशेबनीस

हो. १८३९ मध्ये पॅरिसला दागेरोटाइप हा फोटो काढायचा सुरुवातीचा प्रकार जाहीर झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेत पोचला. तिथे तो रुजवणाऱ्यांत तारायंत्रवाला सॅम्युअल मोर्स होता. हाच मोर्स येल कॉलेजात असताना पाच-पाच डॉलरला हस्तिदंतावर मिनिएचर्स काढून खर्च भागवायचा! (आगबोटवाला रॉबर्ट फुल्टनही तरुणपणी फिलाडेल्फियात मिनिएचर-चित्रकारच.) सुरुवातीचे फोटोही मिनिएचरसारख्याच मखमली अस्तराच्या चामडी डब्यांत मिळत. डबी तीच राहिली, फक्त आतला माणूस बदलला. दहा-पंधरा वर्षांत धंदा बसला, काही चित्रकार फोटोंना गुलाबी गाल लावायच्या कामाला लागले.

---

सुपारीची_खांडं

कामाचा प्रश्न. माझी बहीण न्यू जर्सीला असते. तिथल्या एका जुन्या सामानाच्या विक्रीत तिला असं एक चित्र स्वस्तात मिळतंय, कडेला पांढऱ्या पट्ट्यांची चौकट आहे. दिवाळीला येताना घेऊन ये म्हणू का?

---

चौथा_कोपरा

नका म्हणू! दोन कारणं.

एक, कायदा. अमेरिकेत २०१६ पासून हस्तिदंताच्या व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना सूट आहे, पण जुनेपणा सिद्ध करणारे कागद लागतात. देशाबाहेर न्यायला साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराखालची परवानगी वेगळीच. आणि भारतात वन्यजीव कायदा कडक आहे. विमानतळावर बहिणीची दिवाळी तिथेच होईल. (ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात १९१८ पूर्वीच्या मिनिएचर्सना खास सूट ठेवली आहे, तीही ३२० चौरस सेंटिमीटरपर्यंत आणि नोंदणी करून.)

दोन, पांढऱ्या पट्ट्यांची चौकट. जुन्या पियानोच्या पट्ट्या कापून अशा चौकटी बनवत आणि आत विसाव्या शतकातलं शोभेचं चित्र, कित्येकदा नुसतं छापलेलं, खाली वाटेल ती सही. भिंगातून बघायला सांगा. छपाईचे एकसारखे ठिपके दिसले तर विषयच संपला. आणि तापलेली सुई टोचून हस्तिदंत ओळखा असं कुणी सांगितलं तर कृपा करून ऐकू नका, वस्तू जाते.

---

सुपारीची_खांडं

भिंगातून ठिपके दिसले. एकसारखे. वाचवलंत, धन्यवाद.

---

ओवी_तिसरी

ज्यांच्याकडे वारशाने खरं आलं असेल त्यांच्यासाठी : उन्हात आणि दिव्याखाली ठेवू नका. लाल रंग आधी उडतात, म्हणून बरेच चेहरे आज आजारी आणि निळसर दिसतात. ते मुळात तसे नव्हते. ओलसर-कोरड्या हवेने हस्तिदंत वाकतो, तडकतो. आणि काच पुसायला ओलं फडकं तर मुळीच नको. थेंबभर पाणी आत गेलं की चेहरा गेला.

---

खिडकीपाशी

या शनिवारी मुलीच्या हट्टाने पुन्हा गेलो. तिने पहारेकरी बाईंना विचारलं, मागचे केस बघायला मिळतील का? त्या हसून म्हणाल्या, तेवढे मलाही दाखवत नाहीत. मग मुलीने खण हळूच लावला. "झोपू दे," म्हणाली.

---

रंगपेटी

धागा वर काढतेय, कारण तीन आठवडे मी उद्योग केले. परदेशातून आयव्होरीन नावाचा हस्तिदंतासारखा प्लास्टिकचा पत्रा मागवला आणि आईचा चेहरा करायला घेतला, दोन इंची.

पहिला प्रयत्न : रंगाचे मणी. आईला देवी आल्यासारख्या दिसत होत्या. दुसरा : रेघांवर रेघा चढवल्या आणि डावा गाल उचलून कुंचल्यावर आला. तिसऱ्यात डिंक वाढवला, खरंच खडीसाखर विरघळवली (टेबलावर मुंग्या!), आणि दोन्ही गाल सोडून दिले. फक्त डोळ्याखालची सावली, नाकाची कड आणि हनुवटीखालची घडी.

आईला दाखवलं. तिने चष्मा वर करून, अगदी डोळ्याला लावून पाहिलं आणि म्हणाली, "ही माझी आई आहे. तू हिला कुठे पाहिलंस?"

ही आजी, आईची आई, मी जन्मायच्या आधीच गेली. तिचा फोटोही घरात नाही.